सामाईक फाइल

सोमवार, ४ ऑगस्ट
एकदाची इंदूरला पोचले. सांगलीहून येताना कंबर पार आखडली होती, पण खोली पाहिली आणि सगळा शीण उतरला. स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खिडकी. घरमालकीण विनीताकाकूंनी पोह्यांवर शेव आणि इथला तो जिरावन मसाला भुरभुरून ताटली हातात दिली आणि लगेच कचऱ्याचे डबे दाखवले. ओला वेगळा, सुका वेगळा, काचेचा वेगळा, आणि असंच बरंच काही. सकाळी सात वाजता गाडी गाणं वाजवत येते, बाकी काही पण चुकवून दे बेटा, गाडी नको चुकवू, असं त्यांनी दोनदा बजावलं.

हे शहर माझ्याच स्वभावाचं आहे. मला पसारा सहन होत नाही. लहानपणी आई म्हणायची, कस्तुरीच्या हाताला लागलं की ते एकतर जागेवर जातं नाहीतर बाहेर.

ही वही बाबांनी दिली. तू फोनवर अर्धंच सांगतेस, उरलेलं वहीत तरी लिही, म्हणाले. स्वतः तर पाव सुद्धा सांगत नाहीत. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आई जाऊन चार वर्षं झाली, एकटेच राहतात आणि बरं आहे यापलीकडे अक्षर काढत नाहीत. तीन महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली की त्यांना कायमचं इकडे आणायचं. मी इतक्या लांब आले ती त्याचसाठी. तिथल्या त्या रिकाम्या घरात त्यांना ठेवायचं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट
ऑफिस पोलोग्राउंडला, एका लेथ मशीनच्या कारखान्याच्या वर. दिवसभर जमीन बारीक थरथरते, चहाच्या कपात गोल गोल लाटा उठतात. आम्ही तिघंच. मालक यशवर्धनजी, पूर्वज होळकरांच्या फौजेत होते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणारे. अर्पित, इथलाच, मराठी बोलताना निम्मं हिंदी बोलतो आणि ते त्याच्या गावीही नसतं. आणि मी.

माझ्याकडे एकच प्रोजेक्ट आहे. इथल्या जुन्या मराठी घराण्यांचं एक मंडळ आहे, त्याची वेबसाइट. एकशेसतरा घराणी, प्रत्येकाचं एक पान, पानावर पिढ्यान्‌पिढ्यांची नावं. वेबसाइटचं मुख्य काम म्हणजे गेलेल्या माणसाची तिथी आली की आदल्या दिवशी सकाळी सात वाजता त्या घरच्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो. उद्या कैलासवासी अमुक यांची तिथी. एवढंच. परदेशी गेलेली मुलंही म्हणे या निरोपाची वाट पाहतात.

कोड उघडला आणि डोक्याला हात लावला. तिथी काढून देणारं फंक्शन, म्हणजे तेवढंच एक काम करणारा कोडचा तुकडा, एकदा लिहून सगळीकडून वापरायचा असतो. इथे एकशेसतरा घरांच्या एकशेसतरा फाइली आणि प्रत्येक फाइलमध्ये तेच फंक्शन पुन्हा पुन्हा लिहिलेलं! बाबांना फोनवर समजावलं की एकशेसतरा खोल्यांचं घर आहे आणि प्रत्येक खोलीत वेगळा झाडू ठेवलाय. मी एकच चांगला झाडू घेऊन जिन्याखाली ठेवणार. ते म्हणाले, खोल्यांना विचारलंस का? मास्तर ते मास्तरच.

सोमवार, ११ ऑगस्ट
आधी पसारा काढला. माझ्या आधी भानुमतीबाई नावाच्या कोणी होत्या, डोळ्यांमुळे काम सोडलं. त्यांनी फाइलीफाइलींच्या डोक्यावर सूचना लिहून ठेवल्यात. हात लावू नका. या घराचं या घरातच राहू द्या. इथलं तिथे नेऊ नका. मला हसूच आलं. प्रत्येक प्रोग्रामरला आपलं लिखाण म्हणजे वेदवाक्य वाटतं. त्रेचाळीस नंबरच्या फाइलवर तर नुसतं एवढंच होतं की यातून काहीही घेऊ नये. सगळ्या सूचना पुसून टाकल्या. फाइली कशा धुतल्यासारख्या दिसायला लागल्या!

अर्पित म्हणाला, दीदी, तुम्ही तर आल्या आल्या पूरी सफाईच करून दिली. मी म्हटलं, इंदुरात राहायचं तर एवढं करावंच लागेल.

गुरुवार, १४ ऑगस्ट
झालं. एक सामाईक फाइल, तिच्यात एक फंक्शन, आणि सगळी घरं आता तिथूनच मागून घेतात. एकशेसतरा नमुन्यांपैकी सगळ्यात आटोपशीर होता तो त्रेचाळीस नंबरच्या घराचा, तोच घेतला. बाकीच्यांत चार-पाच ओळी जास्तीच्या होत्या. कुठे दुपारची तिथी धरायची, कुठे सूर्योदयाची, कुठे घरची काहीतरी खास रीत. बहुतेकांचं उत्तर शेवटी तेच येतं, मग एवढी नखरेबाजी कशाला? सगळं काढलं.

चाचणीसाठी एकशे अठरावं घर उघडलं आणि आमचीच नावं घातली. आई, बाबा आणि मी. आमच्याकडे कोणी तिथी पाळत नाही, पण आईची तिथी पंचांग घेऊन हाताने मोजली आणि फंक्शनचं उत्तर ताडून पाहिलं. दिवस न दिवस बरोबर. बाबांच्या आणि माझ्या ओळीकडे बघायचं काही कारणच नव्हतं.

यशवर्धनजींनी समोसे मागवले. संध्याकाळी नवीन कोड चालू केला. मी खूष आहे, उगाच कशाला नम्रपणा करू?

बुधवार, २० ऑगस्ट
आज फजिती. छत्रीबागेतल्या संताजीराव मोहिते यांच्या घरी सकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला की उद्या कैलासवासी संताजीराव यांची तिथी. संताजीराव धडधाकट, चहा घेत बसलेले! त्यांनी स्वतःच मंडळाला फोन केला. मंडळाचे सचिव अप्पासाहेब ऐंशीच्या घरात, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी फोनवर मला शांतपणे विचारलं की मुली, तू काय बदललंस?

मी मान खाली घालून शोधलं. जिवंत माणसाचं नाव आलं तर उत्तर रिकामं ठेवायचं, ही साधी ओळ त्रेचाळीसच्या फंक्शनमध्ये नव्हतीच. घरात कोणी जिवंत उरलेलं नसेल म्हणून कोणाला अडलं नसेल. ओळ घातली, तपासलं, जिवंत माणसांची उत्तरं रिकामी. माफीचं पत्रही पाठवलं. अर्पित दिवसभर मला कैलासवासी दीदी म्हणत होता.

गुरुवार, २१ ऑगस्ट
संताजीराव आज दुपारी वारले. जेवून उठले आणि हात धुताना पडले. वय एक्याऐंशी.

योगायोग आहे. यशवर्धनजीही तेच म्हणाले, आणि जरा वेळाने पुन्हा म्हणाले.

गुरुवार, २८ ऑगस्ट
काल गणपती बसले. आज सकाळी मंडळाकडून फोन. सुलोचना निंबाळकर, शाळेत शिक्षिका, बावन्न वर्षांच्या. काल सकाळी त्यांच्या मुलाच्या फोनवर त्यांचा निरोप आला. त्याने आईला दाखवलाही नाही, कशाला सणाच्या दिवशी, म्हणून. आज सकाळी शाळेत जाताना स्कूटर घसरली, जागीच गेल्या.

मी घातलेली ओळ तिथेच आहे. मी पन्नास वेळा फंक्शन हाताने चालवून पाहिलं. कोणत्याही जिवंत माणसाचं नाव दिलं की उत्तर रिकामं येतं. सकाळी सातला ते आपलं आपण चालतं तेव्हाच तारीख देतं. हे शक्य नाही. मी आठ वर्षं हेच काम करतेय, हे शक्य नाही.

कपात लाटा उठतात त्याकडे बघत बसले होते. अर्पितने आज चिडवलं नाही.

सोमवार, १ सप्टेंबर
जुना कोड परत आणायचा ठरवलं. आम्ही केलेला प्रत्येक बदल जपून ठेवलेला असतो, मागे जायला एक मिनिट लागतं. गेले. एकशेसतरा फाइली परत आल्या, प्रत्येकीत आपापलं फंक्शन. हायसं वाटलं. मग एक उघडली, दुसरी उघडली. सगळ्यांत तोच त्रेचाळीसचा आटोपशीर तुकडा. चार-पाच जास्तीच्या ओळी कुठेच नाहीत. जूनमधला कोड काढला, गेल्या वर्षीचा काढला, अर्पितच्या घरच्या लॅपटॉपवरचाही पाहिला. सगळीकडे तोच. मी काढायच्या आधीही त्या ओळी काढलेल्याच.

भानुमतीबाईंच्या सूचना मात्र कुठेही परत आल्या नाहीत.

या चार दिवसांत आणखी दोघं गेली. दोघांचेही निरोप आधी आले होते.

मंगळवार, २ सप्टेंबर
अप्पासाहेबांनी मला भानुमतीबाईंकडे नेलं. छत्रीबागेत, खान नदीच्या बाजूच्या बोळात त्या राहतात. भिंगाचा जाड चष्मा आहे, तरी चेहरा ओळखायला जवळ यावं लागतं. मी सूचना पुसल्या हे सांगितलं तेव्हा रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, सगळ्याच का? मला रडू फुटलं.

त्यांनी जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहिते. ही वेबसाइट त्रेचाळीस नंबरच्या घरातल्याच एका माणसाने सुरू केली. पहिली फाइल त्याच्याच घराची. तिथी काढायची घरची रीत त्याला माहीत नव्हती, वडील आधीच गेलेले, म्हणून त्याने मनाने एक बनवून लिहिली. घरातली अकराच्या अकरा नावं घातली. वर्षभरात अकराही जण गेले, एकेक करून, प्रत्येकाचा निरोप आदल्या दिवशी. शेवटी तो.

मग काम भानुमतीबाईंकडे आलं. त्यांनी तीन वर्षं दारोदार फिरून प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यांना विचारलं की तुमच्याकडे कसं करतात, आणि ते हाताने नव्याने लिहिलं. एकाचं दुसऱ्यात कधी नेलं नाही. ज्या घरात त्या घरचं स्वतःचं असतं तिथे ते शिरत नाही, असा त्यांचा अनुभव. मी विचारलं, मग त्रेचाळीस पुसून का नाही टाकलं? त्या म्हणाल्या, मला भीती वाटली, त्याला तिथून काढलं तर ते दुसरं घर बघेल.

मी त्याला एकशेअठरा घरं दाखवली.

बुधवार, ३ सप्टेंबर
यशवर्धनजींनी निरोप पाठवणंच बंद केलं. सर्व्हर बंद, वायर काढून टेबलावर. आता कुठून तारीख देणार, म्हणाले. ऑफिसात पहिल्यांदा सगळे नीट जेवलो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
तीन माणसं. निरोप नाही, काही नाही. काल दोन, आज एक. एक तर चोवीस वर्षांचा, जयेश, त्याच्या घरच्यांनी तर घाबरून त्याचं नावच वेबसाइटवरून काढून घेतलं होतं. नाव काढलं की फक्त निरोप येत नाही. बाकी काही थांबत नाही.

म्हणजे एकशे अठराव्या घरातून बाबांचं नाव काढून उपयोग नाही. मी ते काढायला बसले होते, बोट बटणावर होतं. नाही काढलं. निदान कळू दे.

शनिवार, ६ सप्टेंबर
अप्पासाहेब जिना चढून ऑफिसात आले. त्यांचं म्हणणं, निरोप पुन्हा सुरू करा. लोकांना एक दिवस तरी मिळू दे. जयेशची आई त्या सकाळी बाजारात गेली होती, तिला कोणी सांगितलं असतं तर ती गेली नसती. यशवर्धनजींनी उठून वायर लावली.

बाबा थोडे दिवस राहायला यायचं म्हणत होते, त्यांना फोन करून सांगितलं की येऊ नका, खूप काम आहे. ते म्हणाले, तिकीट काढलंय, मंगळवारी पोचतो. मी भांडले, रडले, शेवटी फोन ठेवला. खरं तर यावेत असंच वाटतं. नजरेसमोर असलेले बरे.

सोमवार, ८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आज खरे निरोप आणि हे निरोप एकत्रच गेले, कोणते कुठले ते लोकांना कळेना.

दुपारी अप्पासाहेब पुन्हा आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. सकाळी त्यांच्या सुनेच्या फोनवर त्यांचा निरोप आला होता. मला म्हणाले, आमच्याकडे दुपारची तिथी धरतात, तुझ्या त्या फंक्शनने बरोबर धरली आहे का तेवढं बघ, पुढे पोरांचा गोंधळ नको. मी पंचांग काढून मोजलं. बरोबर होती. ते छान म्हणाले, चहा पूर्ण प्यायले, अर्पितच्या पाठीवर हात ठेवला आणि जिना सावकाश उतरून गेले.

मंगळवार, ९ सप्टेंबर
अप्पासाहेब गेले. दुपारी.

बाबा आले. वाळलेत. त्यांच्या पिशवीत रंगपेटी, आईचा फोटो आणि परसातल्या झाडाचं एक कच्चं, दगडासारखं सीताफळ. आल्या आल्या ते माझ्या तांदळाच्या डब्यात खुपसलं. मी म्हटलं, अहो बाबा, इथे बाजारात ढीग मिळतात. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

त्यांना काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर
भानुमतीबाई रोज ऑफिसात येतात. त्यांची जुनी वही आहे, घरोघरच्या रीती लिहिलेली, पण डोळ्यांना अक्षर दिसत नाही. मी वाचते, घरच्यांना फोन लावून पुन्हा विचारते आणि नव्याने लिहिते. एका दिवसात चार घरं, फार तर पाच. लिहिलेल्या घरांतून नवीन निरोप आलेला नाही. एकाही नाही! म्हणजे उपाय आहे.

यशवर्धनजींनी आपलं नऊ नंबरचं घर पहिलं लिहून घेतलं. मान वर केली नाही. मला राग आला नाही, मीही तेच केलं असतं.

मीही तेच करणार आहे. भानुमतीबाई म्हणाल्या, वडिलांना विचार. पण बनवून लिहू नकोस. त्रेचाळीसवाल्याने बनवूनच लिहिली होती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
तांदळात मुंग्या. तळाशी बाबांचं सीताफळ, एका बाजूने काळं पडलेलं, चिकट. डबा रिकामा करून पुसला. सात वाजता गाडी आली, ते ओल्या कचऱ्यात घातलं. निदान स्वयंपाकघर तरी माझ्या हातात आहे.

गाडीचं गाणं लागलं की हल्ली निरोपच आठवतो. तीच सातची वेळ. गाणं संपेपर्यंत फोन हातात धरून उभी असते. ज्याचा त्याला निरोप जात नाही; बाबांचा आला तर तो माझ्या फोनवर येणार, घरच्या दुसऱ्या माणसाच्या. आला नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर
बाबांना विचारलं. सहज विचारल्यासारखं, भाजी निवडताना. आईचा दिवस आपण कसा करतो? तारखेने, तिथीने, कसा?

म्हणाले, आपल्याकडे कसली रीत. तुझ्या आईला असलं आवडायचं नाही.

पुन्हा विचारलं. काहीच नाही का? काहीतरी? ते खिडकीबाहेर बघत राहिले. नाही म्हणाले.

लिहायलाच काही नाही. एकशे अठराव्या घराला स्वतःचं असं काही नाही, म्हणून ते सामाईकच वापरणार — नेहमी अभिमानाने सांगायचे मी, आमच्याकडे असली भानगड नाही —

रविवार, १४ सप्टेंबर
सात वाजून गेले. फोन गप्प.

बाबांनी गच्चीवर बसून स्टेशनचं चित्र काढलं. मी शेजारी बसून होते. त्यांचा श्वास मोजत होते. त्यांनी विचारलं, काय झालंय तुला? मी म्हटलं, काम.

सोमवार, १५ सप्टेंबर
गाणं वाजत होतं. माझा फोन माझ्या हातात. वाजला नाही. देवा, वाजला नाही. मी कचऱ्याचा डबा घेऊन खाली जायला वळले आणि आत बाबांचा फोन वाजला.

चष्मा शोधत होते. मी दारातच. त्यांनी मोठ्याने वाचलं, अडखळत, शाळेत मुलांकडून वाचून घ्यायचे तसं. उद्या कैलासवासी कस्तुरी अशोक मिरजकर यांची तिथी.

हसले. म्हणाले, तुमच्या ऑफिसात काय गाढवं भरलीत का?

इतके दिवस मी त्यांच्याच ओळीकडे — माझी ओळ खालीच होती. मीच घातली होती.

दुपार
सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. अर्धं नाही, पूर्ण. ते हसायचे थांबले. मग उठून दाराला आतून कडी लावली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. अजून बसलेत.

भानुमतीबाईंना फोन केला. म्हणाल्या, वडिलांना पुन्हा विचार. प्रत्येक घराचं काहीतरी असतंच. लाजतात लोक सांगायला.

मंगळवार, १६ सप्टेंबर
सकाळ. मी आहे. लिहितेय म्हणजे आहे.

बाबांसाठी — रक्तदाबाची गोळी रात्रीची, सकाळची नाही. विनीताकाकूंचा नंबर फ्रिजवर. सांगलीच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात. एकटे परत जाऊ नका, अर्पितला सांगा, तो पोचवेल. तुम्हाला इकडे आणायचं होतं, बाबा. फक्त तेवढंच होतं.

गाडी येऊन गेली. आज डबा खाली नेला नाही.

लॅपटॉप उघडा ठेवलाय. एकशे अठराची फाइल. रिकामी. कर्सर लुकलुकतोय.

पुन्हा विचारलं. हात धरून विचारलं. काहीतरी असेलच, बाबा. मला लिहायचंय, मला जगायचंय, सांगा. ते आधी नाही नाही म्हणाले. मग रडायला लागले. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

आहे! आहे रीत! चार वर्षं करतायत, कोणाला सांगितलं नाही, मला हसू येईल म्हणून. आई गेली त्या सकाळी तिने झाडाचं पहिलं सीताफळ उतरवून तांदळात ठेवलं होतं. ते पिकलेलं तिने पाहिलं नाही. तेव्हापासून ना तारीख ना तिथी. दर वर्षी पहिलं फळ उतरवायचं, तांदळात पुरायचं, आणि ते ज्या दिवशी पिकेल तो तिचा दिवस. त्या दिवशी अर्धं तिच्या फोटोपुढे, अर्धं ते खातात. एवढंच. पण आपलं आहे. आमच्या घरचं आहे — यंदाचं फळ पिकल्याचा दिवस कळला की लगेच फाइलमध्ये लिहिते —

म्हणतायत, यंदाचं इथेच आणलंय, आज-उद्या पिकेलच, थांब, दाखवतो. खुर्चीवरून उठले. आनंदाने उठले. स्वयंपाकघरात गेलेत. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला.

तांदळात हात घालून शोधतायत. खाली बघतायत. पुन्हा हात घालतायत. कस्तुरी, इथेच ठेवलं होतं गं, म्हणतायत, तू कुठे दुसरीकडे नीट ठेवलंस का —

मी त्यांना अजून सांगितलं ना